माहूरगड : पैनगंगेपलीकडचा आसरा

इ.स. १६२३ चा पावसाळा. बापाविरुद्ध बंड करून पराभूत झालेला एक शहजादा बायकामुलांसह वऱ्हाडच्या रानातून आग्नेयेकडे निघाला आहे. पाठीवर बादशाही फौज आहे, पुढ्यात तुडुंब भरलेल्या नद्या. सोबतचे सरदार मुक्कामागणिक गळत चालले आहेत. हत्तींच्या पाठीवर अवजड सामान आहे आणि तेच आता जिवावर उठले आहे. त्याला तातडीने हवा आहे एक डोंगर, जिथे ओझे उतरवता येईल आणि जिथला किल्लेदार विश्वासाचा असेल.

तो डोंगर म्हणजे माहूर. हा धागा त्या डोंगराचा आणि त्याच्याकडे आसरा मागत गेलेल्यांचा.

आजच्या नकाशात माहूर नांदेड जिल्ह्यात मोडते. पण निसर्गाने ते यवतमाळच्या कुशीत ठेवलेले आहे. पैनगंगा या डोंगररांगेला तीन बाजूंनी वळसा घालते आणि नदीच्या अल्याड जी गावे लागतात ती पुसद, महागाव, आर्णीकडची. यवतमाळहून आर्णीमार्गे येणारा वाटसरू धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडतो आणि समोर सागवानाने झाकलेले डोंगर उभे राहतात. एका शिखरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अनसूया; आणि या शिखरांच्या शेजारी, तुटलेल्या कड्यांचा आधार घेत पसरलेला किल्ला, ज्याला रामगड असेही म्हणतात.

उंचीच्या हिशेबात हे डोंगर सह्याद्रीच्या कळसूबाईपुढे किंवा साल्हेरपुढे किरकोळ ठरतील. परंतु चढाची कठीणता केवळ उंचीने मोजली जात नाही. पूल नव्हते त्या काळी माहूरची वाट म्हणजे आधी दाट जंगल, मग पावसाळ्यात उतार न देणारी नदी, मग पुन्हा जंगल आणि शेवटी कडा असा चार पदरी अडथळा होता. उन्हाळ्यात सागाची पाने गळून रान उघडे पडते, ओढे आटतात आणि पाण्यासाठी वणवण होते. पावसाळ्यात पाणी मुबलक, पण वाट नाहीशी होते. वर पोहोचलेल्याला मात्र दोन्ही ऋतूंत दिलासा असे. किल्ल्याच्या पोटात तलाव आहेत, आणि डोंगरी किल्ल्याचे आयुष्य तटाच्या जाडीपेक्षा पाण्याच्या साठ्यावर अधिक ठरते.

या स्थानाला आसऱ्याचा अर्थ सर्वांत आधी दिला तो पुराणकथेने. रेणुकामाहात्म्याच्या परंपरेप्रमाणे जमदग्नींच्या वधानंतर परशुराम पित्याचे कलेवर कावडीत घेऊन, मातेसह, कोरी भूमी शोधत निघाला आणि ती त्याला इथे मिळाली. अंत्यविधीचे पौरोहित्य दत्तात्रेयांनी केले आणि रेणुका इथेच सती गेली. पुढे परशुरामाच्या आर्त हाकेला उत्तर म्हणून ती भूमीतून प्रकटली. पण त्याने वेळेआधी मागे वळून पाहिल्यामुळे केवळ मुखच वर आले. म्हणून माहूरची देवी म्हणजे तांदळा. शेंदूरचर्चित भव्य मुखवटा. ‘आई’ आणि तेलुगूतील ‘ऊर’ म्हणजे गाव, यांतून ‘माऊर’ आणि पुढे ‘माहूर’ झाले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. भाषाशास्त्र तिला किती मान्यता देईल हा प्रश्न वेगळा. पण मराठी आणि तेलुगू मुलुखांच्या शिवेवरचे हे गाव आहे, एवढे तिच्यातून अचूक कळते.

दत्तसंप्रदायात माहूरचे महत्त्व आणखी वेगळे आहे. दत्तात्रेयांच्या दिनचर्येत स्नान एका क्षेत्री, भिक्षा दुसऱ्या आणि निद्रा माहूरला. हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोल्हापूरच्या वाट्याला भिक्षा आली, काशीच्या वाट्याला स्नान आले. या रानातल्या डोंगराच्या वाट्याला आली ती रात्र. दिवसभर फिरणाऱ्या देवाने अंग टेकण्याची जागा, म्हणजे आजच्या भाषेत मुक्कामाची जागा, हीच माहूरची पहिली ओळख. महानुभाव पंथानेही दत्तात्रेयप्रभूंचे निद्रास्थान येथेच मानले आणि देवदेवेश्वरीचे मंदिर त्या पंथाचे मोठे तीर्थ झाले.

महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी, अर्थात चांगदेव राऊळ, हे फलटणचे गृहस्थ. संसारातून मोकळे होण्यासाठी ते यात्रेकरूंच्या मेळ्याबरोबर माहूरला आले. लीळाचरित्राच्या परंपरेत पुढचा प्रसंग असा येतो : मेरुवाळा तलावाच्या वाटेवर झुडपातून एक वाघ गर्जना करीत पुढे आला आणि त्याने आपला पंजा चक्रपाणींच्या मस्तकावर ठेवला. तो वाघ म्हणजे दत्तात्रेय आणि तो पंजा म्हणजे शक्तीचे दान. चक्रपाणी पुन्हा फलटणच्या संसारात परतले नाहीत. ते द्वारकेला गेले.

कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यात एक भौगोलिक सत्य उरते. बाराव्या शतकातला यात्रेकरू माहूरला निघाला की वाघ भेटण्याची शक्यता त्याने गृहीत धरलेली असे. पैनगंगा अभयारण्य आणि थोड्या अंतरावरचे टिपेश्वर पाहिलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. चौदाव्या शतकातील महानुभाव कवी रवळोबास यांनी तर या परिसरावर ‘सह्याद्रिवर्णन’ हा स्वतंत्र ग्रंथच रचला. माहूरच्या डोंगराला महानुभाव सह्याद्रीच म्हणतात. पश्चिम घाटाचा सह्याद्री डोळ्यांपुढे ठेवून हा ग्रंथ उघडणारा नवखा वाचक काही काळ गोंधळात पडतो.

युरोपातल्या आल्प्स पर्वतात याच सुमारास आसऱ्याची एक निराळी व्यवस्था उभी राहिली होती. अकराव्या शतकाच्या मध्यास ग्रेट सेंट बर्नार्ड या सुमारे २,४७० मीटर उंचीच्या खिंडीत ख्रिस्ती संन्याशांनी धर्मशाळा बांधली आणि बर्फात सापडलेल्या वाटसरूंना ऊब, अन्न व निजायला जागा दिली. ती धर्मशाळा खिंडीत होती, कारण तिथला प्रवासी डोंगर ओलांडून पलीकडे जाणारा होता. दख्खनमधला प्रवासी डोंगर ओलांडत नसे. तो डोंगरावर जाऊन थांबत असे. म्हणून इथला आसरा शिखरावर आणि त्याच्याभोवती तट. इथे धोका बर्फाचा नव्हता, माणसांचा होता.

आणि माणसांच्या धोक्यापुढे कडा कितपत पुरतो, याचे उत्तर माहूरला पंधराव्या शतकात मिळाले. त्या वेळी किल्ला स्थानिक हिंदू राजाच्या ताब्यात होता. परिसरावर गोंडांचे वर्चस्व होते. बहामनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५-२६ च्या सुमारास या मुलुखावर स्वारी केली. फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे माहूरच्या राजाने अभयाच्या वचनावर शरणागती पत्करली. सुलतानाने वचन मोडून त्याला त्याच्या पाच-सहा हजार अनुयायांसह ठार केले. आकडा अतिशयोक्त असू शकेल, फिरिश्ताचे आकडे अनेकदा असतात. परंतु विजेत्यांच्या बाजूचा इतिहासकार आपल्याच सुलतानाचा वचनभंग नोंदवतो, तेव्हा त्या नोंदीवर विश्वास ठेवावा लागतो.

त्याच मोहिमेत सुलतानाने कळमही घेतले. तिथे हिऱ्याची खाण होती असे फिरिश्ता लिहितो, आणि यवतमाळ जिल्ह्यातील कळंब म्हणजेच हे कळम असे मानले जाते. पुढे एलिचपुरास मुक्काम ठोकून अहमदशाहाने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. म्हणजे माहूरचा आसरा मोडणारा हा सुलतान लगोलग सातपुड्यात स्वतःसाठी नवे आसरे उभारू लागला होता. डोंगराची किंमत त्याला पुरेपूर कळली होती.

अकबराच्या काळापर्यंत माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे झाले. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा माहूर आणि कळंब या दोन सरकारांत विभागलेला होता. ऐन-इ-अकबरीत अबुल फजलने माहूरजवळचा डोंगरी किल्ला आणि त्यालगतचे दुर्गेचे देऊळ आवर्जून नोंदवले. आणि त्याच दमात इथल्या म्हशी अर्धा मण व त्याहून अधिक दूध देतात, अशीही नोंद केली. महसुलाची आकडेवारी मांडणाऱ्या ग्रंथात मध्येच डोकावणारी ही म्हैस मोठी गोड वाटते. किल्ला केवळ तोफांवर जगत नाही. रानातले चराऊ कुरण आणि तिथला गवळी यांच्यावरही जगतो.

आता पुन्हा १६२३ कडे वळू.

शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शाहजहान. दख्खनच्या मोहिमा त्याने दोनदा यशस्वी केल्या होत्या. दरबारात नूरजहानचे वजन वाढले, वारसाहक्काची चिंता उभी राहिली आणि त्याने जहांगीरविरुद्ध बंड पुकारले. मार्च १६२३ मध्ये दिल्लीच्या दक्षिणेस बलोचपूरजवळ त्याचा पराभव झाला. तो मांडूस हटला. शहजादा परवेज आणि महाबतखान पाठलागावर निघाले. नर्मदा ओलांडून तो असीरगडावर आला, तिथे काही कबिला आणि सामान ठेवून बुऱ्हाणपुरास पोहोचला. मलिक अंबर आणि आदिलशाह या दोघांकडे त्याने मदत मागितली. दोघांनीही नकार दिला. कालपर्यंत ज्यांच्यावर तलवार धरली त्यांच्याकडून आज छत्र मागणे हा प्रकारच अवघड होता.

मग भर पावसात त्याने तापी ओलांडली. बरोबर मुमताज होती, मुले होती. त्यांतला औरंगजेब अजून पाच वर्षांचाही झालेला नव्हता. त्या प्रवासात अनेक चाकर साथ सोडून गेले. जहांगीरच्या आत्मचरित्राची शेवटची पाने मुतमदखानाने लिहिली आहेत, आणि त्यांत एक तपशील आहे जो मराठी वाचकाला थबकवतो. खुर्रमबरोबर जाणे भाग होते म्हणून जादूराय आणि उदाराम हे दख्खनी सरदार काही मुक्काम त्याच्यासोबत चालले. जादूराय मात्र एक मजल मागे राहूनच येत होता आणि पळणारे लोक जिवाच्या भीतीने वाटेत जे टाकून जात, ते गोळा करीत होता.

हा जादूराय म्हणजे सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाबाईंचे वडील. त्यांच्या या वागण्याला लोभ म्हणावे की व्यवहार, हे ज्याने त्याने ठरवावे. पण बुडत्या जहाजापासून एक मजल अंतर राखणे ही दख्खनी सरदारांची त्या काळातील जगण्याची रीतच होती. निजामशाही, आदिलशाही, मोगल, असे तीन जात्यांचे दळण त्यांच्या माथ्यावर फिरत होते.

उदारामाची गोष्ट निराळी. तो ब्राह्मण सरदार, आधी मलिक अंबरच्या विश्वासातला. १६१६ च्या सुमारास इतर काही सरदारांसह मोगलांकडे आलेला. माहूर त्याच्या हाती होते. खुर्रम माहूरला पोहोचला आणि हत्ती व त्यांच्यावरचे अवजड सामान किल्ल्यात उदारामाच्या स्वाधीन करून, हलका होऊन, कुतुबशाही मुलुखाकडे निघून गेला. पुढे गोवळकोंड्याच्या राज्यातून मच्छलीपट्टणमार्गे ओरिसा, तिथून बंगाल, आणि अखेर १६२८ मध्ये आग्र्याचे तख्त.

माहूरने त्याला दिलेला आसरा म्हणजे इतकाच : ओझे ठेवण्याची जागा. तिथे राहणे त्याला परवडणारे नव्हते. पाठलागावरची फौज बुऱ्हाणपूरच्या पुढे चाळीस कोसांपर्यंत येऊन परत फिरली; पण ती परत फिरेल हे त्याला आधी कोण सांगणार? किल्ल्यात अडकलेला पाहुणा आणि किल्ल्यात अडकलेला कैदी यांत वेढा पडल्यावर फारसा फरक राहत नाही, हे अनुभवी सेनापतीला ठाऊक होते. डोंगर चढून जाण्यापेक्षा वेळेवर उतरून जाण्यातच त्याचा बचाव झाला.

उदारामाच्या याच घराण्यात पुढे सावित्रीबाई झाली. माहूरची देशमुखी आणि जहागिरीचा कारभार तिने सांभाळला, प्रसंगी घोड्यावर बसून लढाईही केली. मोगलांच्या बाजूने गाजवलेल्या शौर्याबद्दल औरंगजेबाने तिला किताब दिला : रायबागन. म्हणजे राजवाघीण. ज्या डोंगरावर देव वाघाच्या रूपात भेटला असे सांगतात, त्याच डोंगरावरच्या बाईला बादशहाने वाघीण म्हणावे, हा योगायोग इतिहासाने काही मुद्दाम जुळवलेला नाही.

रायबागनचे नाव मराठी इतिहासात अमर झाले ते मात्र माहूरपासून शेकडो मैल दूर, पश्चिम घाटातल्या एका खिंडीत. १६६० मध्ये शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. कोकण ताब्यात घेण्यासाठी त्याने कारतलबखान उझबेकाला पाठवले आणि सोबतच्या सरदारांत रायबागनही होती. लोहगडाला बगल देऊन फौज कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरू लागली. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना चढण आणि गच्च झाडी. तोफा, हत्ती, बाजारबुणगे यांची लांबच लांब रांग. उंबरखिंडीत, चावणी गावाजवळ, २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी तिला दोन्ही तोंडांना कोंडले. वरून बाण, गोळ्या आणि दगड; खाली पाणी नाही, वळायला जागा नाही.

परमानंदाच्या शिवभारतात या प्रसंगी रायबागन कारतलबखानाला खडसावते. शिवाजीसारख्या सिंहाच्या अरण्यात शिरलास हीच चूक झाली, आता फौज वाचवायची असेल तर शरण जा, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ. खानाने ऐकले. खजिना, शस्त्रे, घोडी मागे ठेवून फौज जिवंत बाहेर पडली.

परमानंद महाराजांचा आश्रित कवी होता, तेव्हा शत्रूच्या तोंडी महाराजांची स्तुती घालणे त्याला सोयीचेच होते. तरीही सल्ला देण्यासाठी त्याने निवडलेली व्यक्ती अर्थपूर्ण आहे. कारतलबखान डोंगराकडे ओलांडण्याचा अडथळा म्हणून पाहत होता. रायबागनचे सारे आयुष्य डोंगराच्या वरच्या बाजूने खाली पाहण्यात गेले होते. कड्यावर उभा असलेल्याला खालचा माणूस कसा दिसतो, हे त्या फौजेत तिच्याइतके कोणाला कळत असणार? आणि इथे वचन पाळले गेले. माहूरच्या राजाला सव्वादोनशे वर्षांपूर्वी जे अभय मिळाले नव्हते, ते माहूरच्या देशमुखीणीला उंबरखिंडीत मिळाले.

नंतरची दोन शतके माहूरच्या बाबतीत भरभर उलटता येतात. मोगलाई ओसरली, निजामाचा अंमल आला, किल्ल्याचे लष्करी महत्त्व कमी होत गेले. मोठा बदल झाला तो १८५३ मध्ये. निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन केले. पैनगंगेच्या अल्याडचा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला आणि पल्याडचे माहूर निजामाकडेच राहिले. शतकानुशतके एकाच सरकारात असलेले गाव आणि त्याची देवी नदीने नव्हे, कागदाने वेगळी केली. इंग्रजांनी वणी जिल्हा केला, त्याचे ठाणे यवतमाळ. १९०५ मध्ये जिल्ह्याचे नावही यवतमाळ झाले आणि वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका त्याला जोडला गेला. पुसदचा भक्त आता देवीच्या दर्शनाला निघाला की दुसऱ्या राज्यात जात असे.

या सीमेने आसऱ्याची दिशाच फिरवली. निजामाच्या राजवटीविरुद्ध १९४७-४८ मध्ये लढा पेटला, रझाकारांचे अत्याचार वाढले, तेव्हा मराठवाड्यातील माणसे संरक्षणासाठी नदी ओलांडून वऱ्हाडात येऊ लागली. सरहद्दीलगत सत्याग्रहींची शिबिरे उभी राहिली. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे त्यांपैकी एक. इतकी शतके संकटातली माणसे डोंगराकडे पाहत होती; आता डोंगराच्या छायेतली माणसे सपाटीवरच्या गावांकडे पाहू लागली. तटबंदीचे काम सीमारेषेने केले, आणि सीमारेषा चढायला कडा लागत नाही. तिला लागते ती पलीकडच्या गावाची भाकरी आणि कोणाच्या तरी ओसरीवरची जागा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले आणि ही गरज संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा पैनगंगेचे दोन्ही काठ पुन्हा एका राज्यात आले. जिल्हे मात्र वेगळेच राहिले.

किल्ल्यावर आज हत्ती दरवाजा उभा आहे, तटाचे लांब पट्टे झाडीतून वर डोकावतात. उदारामाच्या ताब्यात ठेवलेले हत्ती कुठल्या वाटेने वर नेले असतील, याचा अंदाज घेत इतिहासप्रेमी तिथे रेंगाळतात. बहुतेक यात्रेकरू मात्र गडाकडे फिरकत नाहीत. देवी, दत्त, अनसूया अशी तीन शिखरे गाडीने उरकून संध्याकाळी परततात. हे दर्शन पदरात पडते, पण डोंगर कळत नाही.

तो कळायचा तर श्रावणी पौर्णिमा गाठावी. राखीच्या त्या दिवशी माहूरची परिक्रमा असते. पुसद, महागाव, उमरखेड, आर्णीकडचे आणि तेलंगणाकडचे भाविक तीर्थात स्नान करून डोंगरांना पायी वळसा घालायला निघतात. वाट चिखलाची, दगड निसरडे, ओढे वाहते, साग पूर्ण पानावर आलेला. म्हाताऱ्या बाया काठी टेकत, पुढच्याच्या पदराला धरून चढतात. पाऊस हमखास असतो. खुर्रमचे हत्ती ज्या हंगामात या डोंगराकडे आले, तोच हा हंगाम.